पृथ्वीच्या कंबरेचं माप

३ मार्च, सोमवार
लेकीचं तिकीट निघालं. सोबत नातू, आठ महिन्यांचा. अजून फक्त फोनच्या काचेत पाहिलाय. विमानतळावर त्याला सगळ्यांत आधी मी घेणार. व्याही याच गावात राहतात, तेही टपून बसलेत. पण त्यांना नुसती फोनवर विमानाची वेळ बघता येते. मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय, माप माझ्या हातात आहे.
लेक म्हणते, शनिवारी सकाळी नऊला निघून दुपारी दोनला पोहोचते. पाच तासांत अर्धी पृथ्वी! हिशोबात पोरगी पहिल्यापासून कच्ची. आईवर गेलीय.

४ मार्च, मंगळवार
शेजारच्या शिक्षिकाबाईंचा ग्लोब आणला. कंबर छत्तीस इंच. खऱ्या पृथ्वीची चाळीस हजार किलोमीटर, हे वाचलेलं आहे. दोन विमानतळांमध्ये टेप लावली. अकरा इंच. विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे साडेतेरा तास. अर्धा तास शिलाईत सोडला. चौदा.
टेपचं टोक धरायला हिला बोलावलं, तर म्हणते, पृथ्वीला पँट शिवताय का. दुर्लक्ष केलं.

५ मार्च, बुधवार
तिथल्या-इथल्या घड्याळात आठ तासांचा फरक असतो, असं ही म्हणाली. मला माहीत होतंच. मिळवायचा की वजा करायचा, एवढाच प्रश्न होता. हिचं म्हणणं, तिकडे आधी उजाडतं, वजा करा. मी मिळवला. लेक घरी येतेय, वजाबाकी कशाला?
रविवार, सकाळी सात. पक्कं.

६ मार्च, गुरुवार
व्याह्यांचा फोन. शनिवारी त्यांच्या गाडीतून बरोबरच जाऊ म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. बिचारे तिथल्या खुर्चीत रात्रभर ताटकळणार. वाईट वाटलं. थोडंसंच.
लेक म्हणाली, बाबा, तिकिटावर छापलंय. छापणाऱ्याचीही चूक होते, असं तिला समजावलं.

७ मार्च, शुक्रवार
नव्या शर्टाची बटणं काढून आतून हुक लावले. नातवाच्या गालाला टोचायला नको. उद्या दिवसभर झोप काढायची, परवा पहाटे ताजातवाना निघायचं.
ही उद्याच व्याह्यांच्या गाडीतून जाणार म्हणे. जाऊ दे, तेवढंच फिरणं होईल.

८ मार्च, शनिवार, संध्याकाळ
साडेतीनला बेल वाजली. बनियनवरच दार उघडलं, गालावर उशीची घडी. समोर लेक, मागे ही, आणि व्याह्यांच्या खांद्यावर नातू. व्याही म्हणाले, विमान दहा मिनिटं आधीच उतरलं. कोणी विचारलं नव्हतं.
मी हात पुढे केले. नातवाने भोकाड पसरलं. व्याह्यांनी पाठीवर थोपटल्याबरोबर गप्प.
लेक म्हणाली, बाहेर पडल्यापासून गर्दीत तुम्हालाच शोधत होते. मी म्हटलं, पाणी आणतो.

९ मार्च, रविवार, सकाळ
ही भाजीला गेलेली, लेक प्रवासाने गाढ झोपलेली. नातू उठला आणि सुरू झाला. गाणं म्हटलं, तोंडं वेडावली, शिट्टी वाजवली. उपयोग नाही. लेकीला उठवायला जीव होईना. शेवटी मीच व्याह्यांना फोन लावला. दहा मिनिटांत पोहोचतो म्हणाले.
पाऊण तासाने आले. मी एका शब्दाने टोकलं नाही. तेवढा वेळ नातू माझ्याच हातांत होता. रडत होता, पण होता.