आधी डोंगर, मग ऑपरेशन

लंडन, ८ मे १९४९

सलोमीच्या बाबांना प्रेमाचा सलाम.

मी बरी आहे. सलोमी इथे नर्स झाली, तरी वेणी माझ्याकडूनच घालून घेते.

डोळ्यांचं ऑपरेशन महिनाभर पुढे गेलंय. घाबरू नका, मीच पुढे ढकललं. आधी आम्ही दोघी आगगाडीने स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर पाहणार आहोत.

सलोमी म्हणाली, "आई, ऑपरेशननंतर स्वच्छ दिसेल, तेव्हा जाऊ."

मी म्हटलं, "आणि नाहीच दिसलं तर?"

मग तिने नकाशा पसरला. बोगदे कमी असलेली वाट मी निवडायला लावली. जागा खिडकीजवळच्या मिळाल्यात.

तुमचा खोकला कसा आहे? बर्फ कसा असतो ते आल्यावर सांगेनच. बेलापूर स्टेशनवर माझा हात धरायला मात्र या.

तुमचीच,
रेबेका