घड्याळ दिसत नव्हतं

६ जानेवारी, मंगळवार
मोतीबिंदूचं ऑपरेशन करून अण्णा माझ्याकडे बदलापूरला आले. वांगणीला दादाकडे धूळ, गुरं, माणसांची ये-जा. वडिलांना इथेच ठेव म्हणाले सगळे. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. हे सकाळीच कंपनीत जातात, म्हणजे थेंब माझ्याकडे. जीन्सवाल्या शेठचं काम मी घरूनच करते, सोपं आहे. (जीन्सचे फोटो, साइज, रंग साइटवर चढवायचे. लॅपी शेठनेच दिलाय, कॅम्प तीनच्या बाजारात त्याचं दुकान आहे, तिथला जुना. विंडोज चालेना म्हणून लिनक्स टाकलेला.)

७ जाने.
चुकलं. अकराचा थेंब, उठले तेव्हा बारा वाजून गेलेले.
काम कधीच उरकलं होतं. मग लॅपीवर नुसती बघत बसले. वांगणीची फार्महाऊसं, विकायला काढलेली. आमच्या शेताच्या पलीकडची. कुणाचा झोपाळा, कुणाचा निळा तलाव, कुणाचं काचेचं बाथरूम. घ्यायचं नाही, घेता येणारही नाही. तरी एक झालं की दुसरं.
बाहेर आले तर अण्णा खुर्चीत मान मागे टाकून बसलेले. तोंड छताकडे, थेंबासाठी तयार. किती वेळ तसे होते ते विचारायचा धीर झाला नाही. बोलावलं का नाही म्हटलं, तर "तुजा काम चाललेला. मधीच कशाला उठवू?"
हो, आज फार काम होतं, म्हटलं. सहज निघालं तोंडातून.

८ जाने.
सगळा दोष घड्याळावर टाकला. तेवढंच बरं वाटलं. लॅपीचा स्क्रीन लहान, म्हणून मी F11 दाबून पान पडदाभर करते. खालची पट्टी झाकली जाते आणि घड्याळ त्या पट्टीतच. भिंतीवरचं पाठीमागे. फोनला गजर लावला होता. वाजला, मी न बघताच बंद केला म्हणे. अण्णांनी ऐकला. मला आठवत नाही.

९, शुक्रवार
शेठला फोन केला. पान पडदाभर असताना घड्याळ दिसायला काय करायचं? हसला. "अरे, घड़ी देखके काम करोगी क्या अब?" त्याला वाटलं मी तासांवर पैसे मागणार.
मग स्वतःच शोधलं. घड्याळाची वेगळी छोटी खिडकी उघडायची, तिच्या वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबायचं, 'नेहमी सगळ्यांच्या वर'. राहिलं वर! पण F11 दाबलं की परत खाली दडतं. तेव्हा F11 सोडायचं, पान नुसतं मोठं करायचं. आता उजव्या कोपऱ्यात घड्याळ, कायम.
या खटपटीत तीनचा थेंब साडेतीनला.

१२, सोम.
हे लिहायला नको वाटतंय.
घड्याळात एक वाजताना दिसला. स्पष्ट. समोरच होता. एवढा बंगला बघून उठते, म्हटलं. मग त्याच्या शेजारचा. घड्याळ किमतीच्या आकड्यावर येत होतं, तर मी ते धरून बाजूला सारलं. माझ्या हाताने. थेंब टाकला तेव्हा दोन वाजत आले होते.
म्हणजे दिसत नव्हतं म्हणून नव्हे.

१४, संक्रांत
शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. अण्णा त्यांना सांगत बसले, आमची पोर सकाळपासून मशीनवर असते, मान वर करत नाय, तरी माझं सगळं बघते. काकू माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि गॅस न पेटवताच उभी राहिले.

१६, शुक्रवार
कॅम्प तीनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळ्याच्या आत सूज आहे. थेंब वेळेवर पडतायत का, डॉक्टरांनी विचारलं. माझ्या आधी अण्णा बोलले. "अगदी टायमावर. पोरगी घड्याळ समोर लावून बसते."
मग औषध लागू पडत नाही म्हणायचं, डॉक्टर म्हणाले. मंगळवारी पुन्हा बघू. सूज उतरली नाही तर डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन द्यावं लागेल. नजर पूर्ण येईल का, ते आत्ता सांगता येत नाही.
मी भिंतीवरची अक्षरं वाचत उभी होते.
येताना शेअर रिक्षात माझी पर्स अण्णांनी मांडीवर धरली. मला त्रास नको म्हणून.

१७, शनि.
जेवताना सांगून टाकलं. अण्णा, मी काम करत नव्हते. लॅपीवर नुसती टाइमपास करत होते.
घास चावून झाल्यावर म्हणाले, "माहीत हाय मला. काम करतेस तवा टकटक वाजतं. नाय वाजत तवा तू बघत बसतेस."
म्हणजे पहिल्या दिवसापासून.
मग डॉक्टरांना खोटं का सांगितलं? "लोकांदेखत तुला कशाला..."
नंतर विचारलं, काय बघतेस एवढं? सांगितलं. कुणाच्या जमिनीवर झालंय ते विचारलं, तेही सांगितलं. मग म्हणाले, "पानी कुठून आनतात?" मला माहीत नव्हतं.

१९, सोमवार
तीन दिवस एकही थेंब चुकलेला नाही. लॅपी अण्णांच्या खोलीत आणलाय, त्यांच्या शेजारी बसून काम करते. काम संपलं की बंद. डोळ्याचा लालपणा कमी वाटतो. की मलाच वाटतो? तीन दिवसांत किती भरून येणार...
ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

२०, मंगळवार. निघायच्या आधी.
सकाळी म्हटलं, आज डॉक्टरांना खरं सांगणार. औषधाने काम केलं नाही असं त्यांना वाटतंय, औषध तर नीट पडलेलंच नव्हतं. उगाच सुई टोचतील.
अण्णा शर्टाची बटणं लावत होते. "टोचू दे. मी जे सांगितलंय ते सांगितलंय. आता चार मानसांत मला खोटा पाडशील?"
डोळा त्यांचा. शब्दही त्यांचाच.
ते खाली जाऊन रिक्षात बसलेत. मागच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून विचारलं होतं. आज माझ्याकडे बघून विचारलं तर बरं होईल. नाहीतर मला अण्णांचं बोलणं मधेच तोडून खरं सांगावं लागेल.