दुपारचं माप

९ जानेवारी २०२५

लेथ मशीन घरी आली! उतरवायला सहा माणसं, दोन पाइप नि एक साखळी. ट्रॉलीवाला सारखा "मेल्लगा, मेल्लगा" ओरडत होता, पण सावकाश करायला कोणी तयार नव्हतं. फाटकाचा एक खांब तिरपा झाला. सुवर्णा म्हणाली, "हे धूड घरात ठेवून राह्यले का तुमी?" घरात नाही, मागच्या शेडमध्ये. तिच्या मते शेड म्हणजे घरच. वाळवणाची जागा गेली ना!

आमचं कापसाचं जिनिंग बंद झालं, मशिनरी भंगारात निघाली. ही तेवढी मी सोडवली. तेवीस वर्षं हिच्यासमोर उभा राहिलो, उरलेलीही हिच्यासमोरच काढावीत म्हणतो. बोअरच्या मोटारीचे शाफ्ट, बुश, ट्रॅक्टरच्या पिना. आदिलाबादेत कामाला तोटा नाही.

११ जानेवारी

दिवसभर डिझेलनं धुतली. फटीफटीतून कापूस. तेलात भिजून काळा, चिकट झालेला. जिनिंगमध्ये माणसाच्या कानातही कापूस सापडायचा, मशीनचं काय!

वरचा गंज धरून दोन दिवसांत साफ होईल असं वाटलं होतं. वाटण्यावर माझा अजून विश्वास आहे याचंच नवल.

१२ जानेवारी

सुवर्णा रविवारच्या बाजारातून वांगी घेऊन आली. चंपतरावांकडची. दर वेळेस मूठभर कोथिंबीर वरून टाकतात. मी तिला कितीदा सांगितलं, दुसऱ्याकडून घेत जा. "काऊन? तुमचं भांडण आहे, वांग्यांचं नाही."

भांडण नाही. लिहून टाकतो एकदाचं, म्हणजे डोक्यातून जाईल. चंपतराव या लेथवरचे हेड मिस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. २०११ च्या डिसेंबरात, ऐन सीझनमध्ये, त्यांनी केलेला रोलरचा शाफ्ट टेपर निघाला. टेपर म्हणजे एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. केसाएवढाच फरक, पण बेअरिंग फुटलं नि दोन दिवस जिनिंग बंद. चंपतराव सांगत राहिले, "मशीन गरम झाली का सरकते. दुपारी माप घ्या." सेठनं मला तपासायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक लोखंडी बार कापला, दोन्ही टोकं मोजली. सरळ. कागदावर 'मशीन बरोबर आहे' लिहून सही केली. सेठ म्हणाला, "मशीन सीधी है तो हाथ टेढ़ा है." चंपतराव त्याच संध्याकाळी घरी गेले, बाजारहत्नूरला. परत मशीनला हात लावला नाही. आता बाजारात भाजी लावतात.

मी मोजलं ते खरंच सरळ होतं. खोटं काही लिहिलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सुवर्णानं मशीनला हळदकुंकू लावलं, मशीनच्या लोखंडी बेडवर तिळगूळ ठेवला. तिळगुळावर मुंग्या. मुंग्या बेडवर. पुन्हा डिझेल.

१८ जानेवारी

चार पाय, चार तऱ्हा. शेडची फरशी म्हणजे गवंड्याचा आनंदच. लेव्हल लावून एकेका पायाखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या. एक पाय उचलला की दुसरा रुसतो. संध्याकाळी बुडबुडा मधोमध आला तेव्हा मी कोणालातरी हाक मारणार होतो. कोणाला मारणार? सुवर्णा बुडबुडा बघून म्हणाली, "बरं."

२३ जानेवारी

आडव्या स्लाइडचं हँडल अर्धा फेरा फिरायचं, मग स्लाइड हलायची. नट झिजलेला. गनमेटलचा नवा केला, याच लेथवर. आजारी माणसानं स्वतःचं ऑपरेशन करावं तसं. आता ढिलाई नावापुरती. मन प्रसन्न!

२५ जानेवारी

पहिली चाचणी. सकाळी सात. वीतभर बार चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात धरला, हलका काप मारला. दोन्ही टोकं सारखी. सरळ! जीव भांड्यात पडला.

फिनिश मी कायम सकाळीच मारतो. आदल्या दिवशी रफ काम, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासात शेवटचा काप. जुनी सवय. सेठ लोकांना सांगायचा, रविकांत मिस्त्री सकाळी अंघोळ करून शाफ्टला हात लावतो. तेरा वर्षांत माझा एक शाफ्ट परत आला नाही.

२६ जानेवारी

बाजार. सुवर्णा निरोप घेऊन आली. चंपतराव म्हणाले, "मशीन घरी आणली म्हणते. दुपारी एकडाव मोजून पाह्यजो म्हणा त्याले."

तेरा वर्षांनी तेच वाक्य! म्हातारा हट्टी आहे.

मोजीन केव्हातरी.

२ फेब्रुवारी

बेल्ट बदलला. टूलपोस्टला रंग दिला. रंगाची काही गरज नव्हती.

६ फेब्रुवारी

घरी सिंगल फेज, मोटार थ्री फेज. म्हणून खुशाल इलेक्ट्रिशियन ड्राइव्ह घेऊन आला. एक डबा, त्यावर एक बटण. फिरवलं की स्पीड कमीजास्त. बेल्ट सरकवायची कटकट गेली. खुशाल दुपारी दोनला आला नि हटूनच बसला. "एक घंटा चालू ठेवा काका. माहा डबा गरम होते का पाह्यतो." मी म्हटलं, उद्या सकाळी पाहू. "सकाळी काऊन? आत्ताच चालू करा ना."

तासभर चालवली. डबा थंड होता. तो खूश. जाता जाता म्हणाला, "काका, डबा नाही, पण हे डोस्कं तापून राह्यलं." चकच्या मागचं हेडस्टॉक दाखवत होता. मी हात लावला. तळहात टेकववत नव्हता.

म्हटलं, जुनी मशीन आहे, तापायचीच.

७ फेब्रुवारी

काही केलं नाही. शेड झाडली.

९ फेब्रुवारी

आज सुवर्णाला बाजारात जाऊ दिलं नाही. "घरात बटाटे आहेत," म्हटलं. तिनं पिशवी परत खुंटीला लावली.

१२ फेब्रुवारी

दुपारी माप घेतलं.

सव्वादोनला. अर्धा तास चालवून, तोच बार, तसाच काप. चकजवळ एक माप, बाहेरच्या टोकाला दुसरं. फरक एका केसाचा. बार बदलला, टूलला धार लावली, पुन्हा. तेवढाच फरक. दर खेपेला त्याच बाजूला.

थांबवली. निवू दिली. सहाला पुन्हा काप मारून मोजलं. सरळ.

म्हणजे हात वाकडा नव्हता. चंपतरावांचा हात वाकडा नव्हता. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.

१४ फेब्रुवारी

हेडस्टॉक उघडलं. मागच्या बेअरिंगला तेल पोचवायला एक वात असते, लोकरीच्या फेल्टची. ती तेल शोषून थेंब थेंब खाली सोडते. तिथं फेल्ट नव्हतंच. कापसाचा बोळा! दाबून दाबून लाकडासारखा कडक झालेला. वर तेल भरलेलं, खाली बेअरिंग कोरडं.

आम्हीच घालायचो. फेल्ट हैदराबादहून मागवावं लागायचं नि कापूस तर पायाखाली पडलेला. 'तात्पुरता' घालायचा. मी घातला असेल, आणखी कोणी घातला असेल. जिनिंगवाल्यांना प्रत्येक गोष्टीवर कापूसच सुचतो. बेअरिंग तापतं, स्पिंडल केसभर तिरपं होतं, शाफ्ट टेपर. एवढंच. फेल्टच्या बोटभर तुकड्यासाठी एका मिस्त्रीचं मिस्त्रीपण गेलं.

बोळा फेकला नाही. डबीत ठेवलाय.

१९ फेब्रुवारी

फेल्ट आलं. बसवायला दहा मिनिटं. बसवलं की मशीन दिवसभर सरळ कापेल. मग कोणी कितीही दुपारी मोजो, काही सापडायचं नाही. चंपतराव स्वतः आले तरी मशीन मलाच खरं ठरवेल.

फेल्ट खिशात घालून दिवसभर फिरलो.

२१ फेब्रुवारी

अजून खिशातच. सुवर्णानं शर्ट धुवायला घेतला नि तिच्या हाती लागलं. मग सांगितलं सगळं. दुपार, फरक, बोळा. तिनं शर्ट बाजूला ठेवला.

"मंग सांगा ना त्याइले."

"तेरा वर्षं झाली. आता सांगून काय होणार?"

"त्याइची बायको बयनाबाई अजून कोनाले सांगत नाही का ह्याइले काऊन काढलं. मी जाते ना बाजारात, मले माहीत आहे."

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. तिला तसं म्हणालो नाही, इथं लिहितो.

२३ फेब्रुवारी

बाजारात गेलो. चंपतराव मेथीच्या जुड्या बांधत होते. बोटं अजून तशीच, जुडीचाही शेंडाबुडखा एका मापात. मी म्हटलं, "दुपारी मोजलं. तुमचंच बरोबर होतं." त्यांनी जुडी पुरी बांधली, मग वर पाहिलं. "किती?" "एक केस." "हं." दुसरी जुडी घेतली. ती बांधता बांधता म्हणाले, "बदलू नको काही. मी येतो पाह्याले. पुढच्या रविवारी, बाजार उरकला का."

निघालो तर मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. मी काही घेतलंच नव्हतं.

१ मार्च

बोळा परत जागेवर घातला, होता तसाच. आधी डिझेलमध्ये धुवावा वाटलं. नाही धुतला.

हलकं वाटतंय. उद्या ते पाहतील, मोजतील, मिटेल एकदाचं. मी सकाळी मोजलं, ते दुपारी म्हणत होते. दोघंही आपापल्या जागी खरे. चूक बोळ्याची.

२ मार्च

चंपतराव आले. अर्धा तास मशीन नुसती चालू दिली, मग स्वतः काप मारला. दोन्ही टोकं मोजली. केसभर. खूश वगैरे झाले नाहीत. मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला नि विचारलं, "एक सांग मले, रविकांत. तू फिनिश रोज सकाळीच काऊन मारत होता?"

सवय होती, असं म्हणणार होतो. सुवर्णा चहा घेऊन दारात उभी होती.

"दुपारी सरकते, मले माहीत होतं," म्हणालो.