कॉनर्सच्या घाटातली पाचवी गाय

बेकर, नेवाडा
४ ऑगस्ट १९७४

चि. लोरीन हिस वर्डा आजीचे आशीर्वाद.

झऱ्याची धार मनगटाएवढीही राहिली नाही. दहा गायींना ती फार तर पंधरा दिवस पुरेल, पुढे माझ्या डोळ्यांदेखत मरतील. तेव्हा त्या तुझ्या कुरणावर न्यायच्यात. शनिवारी पिकअप आणि ट्रेलर घेऊन ये. एका खेपेला पाचच. तुझा बाप सात कोंबायचा आणि घाटात शिव्या देत बसायचा.

कॉनर्सचा घाट इंजिन तापवतो. निघण्याआधी रेडिएटरच्या जाळीतले टोळ काढ, पाणी बघ. चढाला खालचा गिअर टाक, घाई नको. तापमानाचा काटा वर सरकला तर काचा खाली कर आणि हीटर पुरता सोड. ऑगस्टात हीटर म्हणून हसू नकोस, इंजिनाची धग तो ओढून घेतो. गरम असताना रेडिएटरचं टोपण उघडू नकोस. शेजारच्या ऑर्व्हिलनं उघडलं होतं, त्याचं तोंड बघतेसच. तुझ्या आजोबांची कॅनव्हासची पाण्याची पिशवी मी काढून ठेवलीय. ती ओली करून जाळीपुढे मी स्वतः बांधीन. तिच्याशिवाय ते कधी घाट चढले नाहीत.

लोभ आहे, तो टिकव.
आजी


प्रेस्टन
१२ ऑगस्ट

ती. आजीस लोरीनचा सा. न. वि. वि.

चार गायी पोचल्या. पांढऱ्या कपाळाची घाटात गेली.

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. तरी अर्ध्या चढात काटा लाल रेघेला टेकला. हीटर सोडूनही उतरेना. गाडी बाजूला घेतली. इंजिन निवायला दीड तास गेला, दुपारचं ऊन, ट्रेलरचा पत्रा तापलेला. ती खाली बसली ती उठलीच नाही.

वाटेतल्या एली गावच्या मेकॅनिकनं विचारलं, ही पिशवी इथे कुणी बांधली. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "बाई, जाळीला वारा लागू दिला नाहीत, तर इंजिन निवणार कशानं?" या पिशव्या प्यायचं पाणी गार ठेवायला असत, म्हणे. रागावू नकोस. गुरुवारी पहाटे येते.

तुझी माया असू दे.
लोरीन


बेकर
१७ ऑगस्ट

चि. लोरीन हिस आशीर्वाद.

ऑर्व्हिलच्या फोनवर तुझा निरोप आला. पाचही पोचल्या, काटा मध्यावरून हलला नाही. बरं झालं.

परवा तू पिशवी टेबलावर ठेवलीस, मी कॉफी ओतली, आणि दोघी हवेबद्दल बोलत बसलो. तोंडावर मला जमत नाही म्हणून लिहिते. गाय माझ्यामुळे गेली. मेकॅनिकला खरं नाव सांग. आजोबा ती पिशवी बाजूला, गाडीच्या दिव्यापाशी टांगायचे. जाळीच्या ऐन मध्यावर ताणून बांधली ती मी. चाळीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून तो घाट चढले, पण पिशवी कशाला ते कधी विचारलं नाही. एरवी माझं तोंड बंद नसायचं.

आता मीही तुझ्याकडे राहायला यावं, असंही निरोपात होतं. नको. गायी गेल्या. उरलेलं पाणी मला एकटीला पुष्कळ आहे.

लोभ ठेव आणि पत्र टाक.
आजी