आमच्याकडचं पाणी

शुक्रवार, १२ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

काल तू फोन मध्येच आपटलास, म्हणून पत्र लिहायची वेळ आली. तुझं म्हणणं असं, की मी तुझ्या यजमानांचा दुकानात चारचौघांत अपमान केला आणि मशीन न घेताच त्यांना बाहेर काढलं. खरं आहे. का केलं, ते तू विचारलं नाहीस.

आधी मशीनचं सांगते, कारण काम तू तेच दिलं होतंस. "ताई, मी चहावाली. मला कॉफीतलं ओ की ठो कळत नाही. हे आता रिटायर होणार, रोज घरी असणार. रोजच्या वापराला चांगलंसं बघून दे. तू बरोबर असलीस की दुकानदार गंडवत नाही." रोजच्या वापराला, हे तू दोनदा म्हणालीस.

दुकानात तीन तऱ्हा होत्या. एकात इवलीशी तयार डबी टाकायची, बटण दाबायचं, कप भरला की डबी कचऱ्यात. आळशी माणसाची सोय, आणि महागाची. दुसरं गाळणीचं. कागदात पूड, वरून गरम पाणी, खाली काचेचं भांडं. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. तिसरं दांड्याचं, दाबावर चालणारं, वाफेने दूध फेसाळणारं. त्याचे तान्ह्या मुलासारखे लाड करावे लागतात, प्रत्येक कपानंतर धुवा, पुसा. मी गाळणीचं मनात धरून गेले होते.

विक्रेता हुशार होता. कॉफी कशी आवडते हे न विचारता त्याने घरची चौकशी सुरू केली. "घरात पिणारे किती?"

"दोघं," तुझे यजमान म्हणाले.

"छोटी कधीपासून प्यायला लागली?" मी चेष्टेत म्हटलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि थेट दांड्याच्या मशीनपाशी गेले. छोटे, मी बघतच राहिले. तुझ्या ओट्यावर दूध उतू चाललेलं दिसलं तरी जो माणूस खुर्चीतून "अगं, दूध!" म्हणून हाक मारतो, तो दांडा काढून आतली जाळी अंगठ्याने चाचपत होता. पूड किती दाबायची, वाफेची नळी आधी जराशी सोडून का द्यायची, हे विक्रेत्यालाच समजावून सांगत होता.

"काका, तुम्ही तर आमच्यापेक्षा तयार! घरी आहे वाटतं एखादं?"

"आहे ना. पण आमच्याकडचं पाणी फार जड. आत पांढरा थर बसतो, वर्षाच्या आत चोंदलं."

आमच्याकडचं.

दुसऱ्या कुणासमोर हे खपून गेलं असतं. मी नोकरीभर पाणी तपासलं. तुझ्या गल्लीतले नमुने माझ्या हाताखालून गेलेत. तुझ्याकडे तलावाचं पाणी येतं. साबणाचा फेस धुता धुता संपत नाही, अशी तक्रार तूच करत असतेस. तुझ्या किटलीच्या तळाला थर नाही, नळावर डाग नाही, आणि कॉफीचं मशीन तर घरात कधी आलंच नव्हतं. जड पाणी या शहरात एकाच बाजूला आहे, टेकडीमागच्या नव्या इमारतींत. तिथे बोअरचं येतं. साबणाला फेस येऊ न देणारं, म्हणून कॉलेजात आम्ही त्याला दुष्फेन म्हणायचो.

मी तिथेच विचारलं, "कुणाकडचं?"

"म्हणजे आपलं... आपल्याकडचंच हो, ताई."

"छोटीकडे तलावाचं आहे. जड पाणी टेकडीमागे. तिथे कोण राहतं तुमचं?"

मोठ्याने विचारलं, हेही खरं. गल्ल्यावरची बाई नोटा मोजायची थांबली. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, ज्याने त्याला बोलावलंही नव्हतं. एवढाच तो अपमान.

पुढचं मी काल फोनवर सांगणार होते, पण चार वाक्यं इकडचीतिकडची बोलत बसले आणि तेवढ्यात तू ठेवून दिलास. बाहेर फुटपाथवर तुझा नवरा म्हणाला, "ताई, आवाज चढवू नका. तिला सगळं ठाऊक आहे. फक्त तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढीच तिची अट होती."

रिक्षा केली आणि घरी आले.

तो खोटं बोलला असेल. सापडलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो. पण मग मला तुझे माझ्याकडचे सोमवार आठवायला लागले. "हे दौऱ्यावर गेलेत," असं दारातच, मी विचारायच्या आधी, चप्पल काढता काढता सांगायचीस. जेवायला थांबायचीस. भांडी घासू नकोस म्हटलं तरी सगळी घासायचीस, पाठ माझ्याकडे करून. मला वाटायचं, बहिणीची ओढ आहे.

मला सांगितलं असतंस तर मी तुझी बॅग भरली असती, हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून सांगितलं नाहीस. त्याला माझ्यापासून सांभाळलंस. माझ्याच घरी माझं जेवून.

आणि आता तुझा शाळेचा राजीनामा. मुख्याध्यापिका माझ्या वर्गमैत्रीण, म्हणून तो माझ्या हातून द्यायचा, असंही तूच ठरवलंस. "हे घरी असणार, मग मी शाळेत काय करू?" दौरे आता संपणार, छोटे. मग सोमवारी तो कुठलं निमित्त सांगेल? की इथेही तसलंच मशीन आणलं, तू समोर बसलीस, तर तो टेकडीमागे जायचा थांबेल, असा तुझा अंदाज आहे? मला तू कॉफीचं काम सांगितलंस. त्या बाईच्या ओट्याशी बरोबरी करायची होती, हे सांगितलं नाहीस. ती करायला तू माझ्या पसंतीचा उपयोग केलास, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

माझा अंदाज चुकला असेल आणि तुला यातलं काहीच माहीत नसेल, तर हे पत्र फार निष्ठुर आहे. तरी ते पाठवते. फाडून पुन्हा गोड शब्दांत लिहिणं मला जमणार नाही.

आज सकाळी मी एकटी दुकानात गेले आणि मशीन घेतलं. गाळणीचं, एका कपाचं. तुझ्या घरात कॉफी पिणारा एकच आहे, आणि तोही रोज नसतो. त्याला यापेक्षा मोठं लागत नाही.

तुझी,
ताई

सोबत, तुझ्या शाळेच्या शिपाईबाईंच्या हाती, घरी न देता तुलाच द्यायला सांगून: मशीन, खोकं न उघडलेलं. गाळणीचे कागद. पावती तुझ्या नावाची. थर काढायची पूड विक्रेता देत होता, ती घेतली नाही. तुझा राजीनामा मुख्याध्यापिकांना दिलेला नाही, या पिशवीतही नाही. तो माझ्याकडे आहे. हवा असेल तर स्वतः येऊन माझ्या हातून घेऊन जा.