टाचणीएवढं भोक

प्रिय चिमणे,

अक्षर बघून दचकू नकोस. हे कोंबडीचे पाय तुझ्या बापानेच उमटवलेत, सध्या डाव्या हाताने लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच नीट सांगा म्हणतेस आणि मी विषय बदलतो. म्हटलं, लिहूनच टाकावं.

आई बरी आहे. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर तिने स्वतः बदलला आणि तेव्हापासून घरात मेकॅनिक कोण यावर वाद उरलेला नाही. तुझ्या खोलीत तिने शिलाई मशीन मांडलंय. तू आलीस की हलवू म्हणते, मला नाही वाटत ते हलेल. सकाळी माझ्या शर्टाची बटणं हल्ली तीच लावते. ती लावत असते आणि मी भिंतीकडे बघत उभा राहतो.

माझं बोट दारात चेमटलं असं तुला सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. आईलाही तसं सांगायला मीच लावलं. तिला खोटं जमत नाही, तरी माझ्यासाठी बोलली, याची मला वेगळी लाज वाटते.

खाणीवर मला पुठ्ठेमास्तर म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. पोकलेनच्या होज पाइपातून तेल कुठे गळतंय हे हाताने चाचपायचं नाही, लांबून पुठ्ठा फिरवायचा. गळती सुईच्या टोकाएवढी असली तरी आतलं तेल एवढ्या दाबाखाली असतं की कातडी भेदून आत शिरतं. हे मी इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की लोक माझी नक्कल करतात. त्या सकाळीसुद्धा एका फिटरला मी सगळ्यांदेखत झापलं, हाताने पाइप चाचपत होता म्हणून. त्याच्या अकलेचा पार उद्धार केला.

आणि दुपारी मोठ्या पोकलेनच्या बूमवरचा, म्हणजे लांब लोखंडी हातावरचा, पाइप तेलाचं धुकं सोडायला लागला. पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीला घासून त्याचं रबर झिजलं होतं. अशा वेळी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून आतला दाब सोडायचा आणि मगच जवळ जायचं. पण मागे डंपरवाले हॉर्न मारत होते, पुठ्ठा वर्कशॉपात राहिला होता, आणि माझ्या हातात जाडजूड हातमोजा होता. ऑपरेटरला म्हटलं, इंजिन राहू दे चालू, मिनिटभराचं काम आहे. आणि हात फिरवला.

काटा बोचल्यासारखं झालं, बस. मोजा काढला तर बोटावर टाचणीएवढं भोक. रक्त नाही, फारसं दुखणं नाही. ऑपरेटर घाबरून म्हणाला, चला, दवाखान्यात जाऊ. दुखो न दुखो, लगेच जायचं, हे त्याला शिकवलं कोणी? मीच. तरी म्हटलं, काही झालेलं नाही, तू काम कर. कारण समोर सकाळचा तो फिटर उभा होता. त्याच्यादेखत हात धरून गाडीत बसायची मला लाज वाटली. चिमणे, कारण एवढंच. दुसरं बरंसं शोधलं, पण सापडत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

संध्याकाळी बोट टम्म फुगलं, सकाळी पंजा काळानिळा. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आला असतात तर बहुधा वाचवता आलं असतं. उजव्या हाताची तर्जनी गेली आणि मधल्या बोटाची दोन पेरं. तो फिटर भेटायला आला, थर्मास भरून आणला, उशी नीट केली. एक टोमणा मारला असता तरी मला बरं वाटलं असतं. नाही मारला.

आता हे का लिहितोय ते सांगतो. आमच्याच खाणीच्या भरतीत तुझी निवड झाल्याचं कळलं आणि आधी आनंद झाला, मग धास्ती वाटली. कारण नव्या भरतीचा पहिला सुरक्षेचा वर्ग माझाच असतो. यंदा मी दोनदा नाही म्हणालो. साहेबांना पाठदुखी सांगितली. आज मात्र जाऊन हो म्हणून आलो. सोमवारी मी उभा राहीन आणि हात खिशात नसेल. तुला तो पहिल्यांदा तिथे, चारचौघांत दिसू नये असं वाटलं. वर्गात मी विचारणार आहे की दुखत नाहीये, रक्त नाहीये, आणि ज्याला झापलं तो समोर उभा आहे. तुमच्यातलं कोण त्या क्षणी, मला लागलंय, दवाखान्यात न्या, असं सांगेल? सगळे हात वर करतील. तू बापाची लाज राखायला म्हणून करू नकोस. खरोखर सांगशील अशी खात्री असेल तरच कर.

तुझाच,
बाबा