आरशातला हात

वडवणी, गुरुवार, संध्याकाळ

गोव्याहून येऊन आठ दिवस झाले, तरी तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. लेकीने मला अन् बायकोला, सुमनला, क्रूझवर पाठवलं होतं. जहाज मुरगाव बंदराला लागलं, तशी दिवसभरासाठी भाड्याची गाडी घेतली. चालवायला मीच. परतताना रस्त्याकडेला एक म्हातारी मान टाकून बसलेली, अन् शेजारच्या म्हाताऱ्याने हात केला. सुमन म्हणाली, "थांबा की वो, बाई आजारी दिसती."

मी म्हणालो, "जहाज सुटंल. अन् गाडी आपली न्हाई."

आरशात पाहिलं. आम्ही लांब गेलो तरी त्याचा हात वरच.

बंदरावर पोचलो, तर जहाज सुटायला दोन तास. दोन तास! माघारी जाऊन येता आलं असतं. काहून गेलो नाही? बाकावर नारळपाणी पीत बसलो. सुमनने तिचं तसंच ठेवलं.

आज बीडहून येताना फाट्यावर उभा होतो. हात केला की जीप थांबते, हे इथलं रोजचंच. पण माझा हातच वर जाईना. तरी एक थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "बसा गुरुजी. हात काहून न्हाई केला?"